शाळेच्या बंद कपाटातली जुनी बालपुस्तकं पुन्हा मुलांच्या हातात: आधी काय करायचं, काय टाळायचं

कागदखुणा
सोलापुरातल्या जुन्या शाळांच्या ग्रंथालयात कोपऱ्यातलं एखादं लोखंडी कपाट वर्षातून एकदाच उघडतं, साठा पडताळणीला. आत गोट्या असतो, फास्टर फेणे असतो, साने गुरुजींची पुस्तकं असतात, चांदोबा आणि किशोरचे बांधीव अंक असतात. एका पडताळणीत 'जीर्ण' असा शेरा पडला की ती निर्लेखनाच्या यादीत जातात आणि तिथून रद्दीत. हा धागा त्या शेऱ्याच्या आधीच्या कामाचा आहे.

पहिल्या दिवशी एकही पुस्तक बाहेर काढू नका. खिडक्या उघडून कपाटाची दारं तासभर उघडी ठेवा, तोंडाला मास्क लावा आणि बॅटरीच्या उजेडात खालच्या कप्प्यापासून वर बघत जा. मागच्या पत्र्यावर किंवा भिंतीकडे मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. पानांच्या कडा वरवर कुरतडल्यासारख्या असतील आणि अक्षरांवरचा पातळ थर खरवडलेला असेल तर कसर. पुस्तकाखाली रव्यासारखी भुकटी आणि पानांतून आरपार गोल भोकं असतील तर पुस्तकातला भुंगा. तिन्हींचा उपाय वेगळा, म्हणून आधी ओळख हवी.

मग प्रत्येक कप्प्याचा फोटो काढा आणि एका वेळी एकच कप्पा रिकामा करा. पुस्तकं ज्या क्रमाने लागली आहेत तो क्रमही माहिती देतो. मूळ मांडणी दाखल क्रमांकाने (पुस्तक शाळेत आलं तेव्हा नोंदवहीत पडलेल्या नंबराने) असेल तर कव्हर नसलेल्या पुस्तकाचा नंबर शेजारच्या दोघांवरून अंदाजता येतो. टेबलावर चार ढीग करा: धडधाकट, दुरुस्तीचे, कीड-बुरशीचे आणि ओळख न पटलेले. कीड-बुरशीचा ढीग लगेच पॉलिथिन पिशवीत बंद करून दुसऱ्या खोलीत न्या. रद्दीचा ढीग ह्या टप्प्यावर करायचाच नाही. आत्ता जे रद्दी वाटतं त्यातलं बरंचसं नुसतं सुटलेलं असतं, फाटलेलं नसतं.

आता दाखल नोंदवही. बहुतेक शाळांत शिक्का तीन जागी असतो: शीर्षकाच्या पानावर, शेवटच्या पानावर आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर. ह्या आतल्या पानाला गुप्त पान म्हणतात. चार-पाच धडधाकट पुस्तकं चाळली की ते पंधरावं आहे, पंचविसावं आहे की एक्कावन्नावं, हे कळतं. एकदा ते कळलं की कव्हर नसलेलं पुस्तक त्याच पानावर उघडायचं, दाखल क्रमांक वाचायचा आणि वहीत नाव शोधायचं. ओळख न पटलेला ढीग ह्या एकाच युक्तीने झपाट्याने कमी होतो.

अर्धवेळ_ग्रंथपाल
उत्तम सुरुवात. दाखलवहीच सापडत नाही तेव्हा पुस्तकाचा काळ कसा ठरवायचा, ते लिहितो. एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या कपाटात असतात आणि कुठली जपायची हा प्रश्न येतोच.

किंमत बघा. रुपये-आणे असतील तर पुस्तक साधारणपणे १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. 'नये पैसे' छापलं असेल तर १९५७ ते १९६४ मधलं. १ जून १९६४ पासून 'नये' गेलं आणि नुसते पैसे राहिले. बदलाच्या वर्षात दोन्ही किमती शेजारी छापलेल्या सापडतात.

पत्ता बघा. 'पुणे २', 'मुंबई ४' अशी एक-दोन आकडी संख्या असेल तर बहुधा १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं, कारण सहा आकडी पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. शाळेच्या शिक्क्यात 'मुंबई राज्य' असेल तर १ मे १९६० च्या आधीची नोंद.

लेखन बघा. 'शाळेंत', 'कां', 'नाहीं' असे न उच्चारलेले अनुस्वार सगळीकडे असतील तर मजकूर जुन्या वळणाचा. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले आणि पुढच्या छपाईत हे अनुस्वार गेले. पण जुने खिळे (छपाईची जुळवलेली अक्षरं) तसेच ठेवून केलेलं पुनर्मुद्रण १९६२ नंतरचं असू शकतं, म्हणून एकट्या अनुस्वारावर निकाल देऊ नका. 'अितिहास', 'अुपाय' अशी अ-ची बाराखडी दिसली तर ती लिपिसुधारणेच्या चळवळीतली छपाई. ते पुस्तक नक्की बाजूला ठेवा, मुलांना लिपीचा इतिहास दाखवायला ते फार कामाचं आहे.

शके दिलं असेल तर ७८ मिळवा. शके १८७८ म्हणजे १९५६. जानेवारी ते गुढीपाडव्याच्या दरम्यानचं असेल तर ७९.

चौथी_ब
दादा, एक अडचण. एका पुस्तकाला कव्हर नाही, पहिली सोळा पानं नाहीत, आतला शिक्का पुसट झालाय. वर प्रत्येक पानाच्या माथ्यावर फक्त धड्याचं नाव आहे. ओळखायचं कसं?

अर्धवेळ_ग्रंथपाल
ताई, बरोबर सोळा पानं गेली म्हणजे पहिला फर्मा (एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा) सुटलाय. आता सतराव्या पानाच्या अगदी तळाशी, डाव्या किंवा उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरं शोधा. फर्मे जुळवताना बाइंडरची गफलत होऊ नये म्हणून छापखाने प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली फर्म्याचा क्रमांक घालत, आणि पुष्कळदा पुस्तकाच्या नावाचं आद्याक्षर किंवा लघुरूपही. तेहतीस, एकोणपन्नास, पासष्ट ह्या पानांवरही तेच असेल. तिथे नाही मिळालं तर शेवटच्या पानामागची जाहिरात वाचा. प्रकाशक तिथे आपली बाकीची पुस्तकं देतो, आणि तेवढ्यावरून प्रकाशक तरी कळतो. शिक्का पुसट असेल तर मोबाइलची बॅटरी पानाला जवळपास समांतर धरून तिरका उजेड पाडा. शाई गेली तरी रबरी शिक्क्याचा दाब कधीकधी कागदावर उरतो.

शिवणदोरा
दुरुस्तीचं मी लिहिते. ह्यात सगळ्यात जास्त नुकसान चांगल्या हेतूने होतं. सेलोटेप, स्टेपलर आणि फेविकॉल, ही तीन नावं.

सेलोटेपचा डिंक काही वर्षांनी पिवळा-तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि वरची पट्टी गळून पडते. डाग कायमचा राहतो. लावलेली असेल आणि अजून चिकट असेल तर हेअर ड्रायर कमी उष्णतेवर, दहा-बारा सेंटीमीटर लांब धरून गरम करा आणि पट्टी वर न उचलता कागदाला लगटून मागे ओढत सोलवा. पेट्रोल किंवा थिनर लावू नका, शाई पसरते. स्टेपल गंजतं आणि गंज भोवतीचा कागद खातो. फेविकॉल एकदा वाळला की पुन्हा सुटत नाही, त्यामुळे पुढची दुरुस्ती करणाऱ्याचे हात बांधले जातात. पुठ्ठा आणि कापड चिकटवायला तो चालेल, फाटलेल्या पानाला कधीच नाही.

पानाला खळच हवी. मैद्यापेक्षा गव्हाचा चीक चांगला, कुरडयांना काढतो तोच, कारण त्यात चोथा आणि चिवटपणा राहत नाही. चीक खाली बसला की वरचं पाणी ओतून साका उन्हात वाळवून ठेवा. दोन चमचे कोरडी पूड, दहा चमचे पाणी. अर्धा तास भिजू द्या, मग मंद आचेवर सतत ढवळत आठ-दहा मिनिटं. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झळक आली की उतरवा. गार झाल्यावर मलमलच्या फडक्यातून गाळा. लावताना पाणी घालून ताकाइतकी पातळ करा. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, वास आला की टाकून द्या. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात. शाळेत घालू नका. ते विषारी आहे, आणि त्यातलं तांबं कागदाचा ऱ्हास वाढवतं.

फाटलेल्या पानाला पांढरा, पातळ, लांब धाग्यांचा टिश्यू कागद घ्या. पतंगाचा रंगीत कागद नको, रंग उतरतो. पट्टी एक सेंटीमीटर रुंद, कात्रीने न कापता ओल्या ब्रशची रेघ मारून हाताने फाडलेली, म्हणजे कडेला तंतू सुटे राहतात आणि जोड पानात मिसळतो. फाटलेल्या कडा जुळवून पट्टी बसवा, खाली-वर बटर पेपर, त्यावर टिपकागद, वर कागदात गुंडाळलेली वीट. तासाभराने टिपकागद बदला, मग रात्रभर तसंच.

आपल्याकडची खास अडचण: एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की पट्टी नीट बसायच्या आत खळ वाळते आणि पान सुरकुततं. शिवाय त्या दिवसांत जुना कागद नुसत्या दुमडीने तुटतो. दुरुस्ती जून उलटल्यावर घ्या. उन्हाळ्यातच करायची वेळ आली तर सकाळी नऊच्या आत, पंखा बंद ठेवून.

शिवणदोरा
आता स्टेपल मारलेले सुटे अंक, म्हणजे किशोर, चांदोबा आणि पातळ गोष्टींची पुस्तकं. अंक मधल्या पानावर उघडा, पिनेचे पाय बोथट सुरीने सरळ करा आणि बाहेरच्या बाजूने पिन काढा. नखाने उपसली की मधलं पान हमखास फाटतं. मग तीन भोकं: एक बरोबर मध्ये, दोन वर-खाली टोकांपासून चार-चार सेंटीमीटरवर. मेण ओढलेला जाड सुती दोरा, लांबी अंकाच्या उंचीच्या अडीचपट. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा आणि आत बोटभर शेपूट सोडा. बाहेरून वरच्या भोकात आत, आतून थेट खालच्या भोकातून बाहेर, मग पुन्हा मधल्या भोकातून आत. आता आतल्या लांब टाक्याच्या एका बाजूला एक टोक आणि दुसऱ्या बाजूला दुसरं, असं हवं. त्या टाक्याला मध्ये धरून दोन गाठी मारा. दोरा भोकांच्या दिशेने ओढून ताणायचा, कागदाच्या आडवा नाही, नाहीतर भोकाची चीर होते.

सांध्याला कापड लागलं तर कोरं मांजरपाट आणा आणि आधी धुऊन खळ काढा. सोलापुरी चादरीचा किंवा रंगीत टॉवेलचा तुकडा कणा म्हणून देखणा दिसतो, पण ओल्या खळीत रंग सुटला तर पानांवर उतरतो. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा, फडकं रंगलं तर वापरू नका.

नवीपेठ
किडीचं राहिलं. डांबरगोळ्या ठेवू का? आधीच्या लोकांनी वाटीभर ठेवलेल्या आहेत.

कागदखुणा
काढून टाका. डांबरगोळीचा वास पुस्तकात वर्षभर राहतो, लहान मुलं तेच पुस्तक नाकाजवळ धरून वाचतात, आणि बंद कपाटात ती वाफ त्यांच्या तब्येतीला चांगली नाही. पानांच्या आतली अळीही त्याने भरवशाने मरत नाही. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाची पुरचुंडी किडीला दूर ठेवायला मदत करते, लागलेली कीड घालवत नाही.

लागलेल्या किडीला थंडी. पुस्तक जाड पॉलिथिनच्या दुहेरी पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड चिकटवा आणि उणे १८ अंश किंवा त्याखालच्या डीप फ्रीजरमध्ये पंधरा दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. लगेच उघडली तर बाहेरच्या हवेतलं बाष्प गार पानांवर धरतं आणि किडीऐवजी बुरशी मिळते. नंतर मऊ ब्रशने कण्याकडून बाहेर झाडा. ओली किंवा चकचकीत कागदाची चिकटलेली पुस्तकं ह्या उपायाला घालू नका.

वाळवी असेल तर उपचार भिंतीचा आणि जमिनीचा, पुस्तकाचा नाही. कपाट भिंतीपासून दहा सेंटीमीटर पुढे ओढा, म्हणजे नळी येताना दिसते. पश्चिमेच्या भिंतीला किंवा पत्र्याखाली कपाट असेल तर ते आधी हलवा. सोलापूरचं बाहेरचं तापमान चाळीसच्या वर जातं तेव्हा बंद लोखंडी कपाट आतून त्याहून तापतं, कण्याचा गोंद कडक होऊन तडकतो, आणि हातात घेताच पानं पत्त्यांसारखी सुटतात. पीव्हीसीचं पारदर्शक कव्हर अशा तापात मुखपृष्ठाला चिकटून छापील रंग उचलतं. जुन्या पुस्तकांची प्लास्टिक कव्हरं आत्ताच काढा, त्याऐवजी हातकागद.

कुबट वास घालवायला पुस्तक भर उन्हात उघडं टाकू नका. सावलीत, वाऱ्यावर, पानं पंख्यासारखी फाकून उभं करा.

हातमाग
एक मुद्दा वेगळा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या मुलांच्या घरी तेलुगू आहे, कुठे कन्नड, कुठे उर्दू. आपण फक्त मराठी कपाट उघडतो. चांदोबा हे मुळात तेलुगू 'चंदामामा'चं भावंड. तेलुगू अंक १९४७ ला सुरू झाला, मराठी १९५२ ला. तीच चित्रं, त्याच गोष्टी. शेजारच्या तेलुगू माध्यमाच्या शाळेत जुने अंक असतील तर एकाच गोष्टीचे दोन्ही अंक शेजारी मांडा की. मूल आजीला घरी नेऊन दाखवेल असं पुस्तक ते.

आणि गावचा एक कप्पा वेगळा करा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, जन्म १९१०, चीनमध्ये जखमींवर उपचार करताना १९४२ ला गेले. त्यांच्यावरची लहान मुलांसाठीची जुनी चरित्रं चरित्रांच्या गर्दीत कुठेतरी असतात, ती शोधून पुढे आणा.

नवीपेठ
मला एक पटत नाहीये. इतकी मेहनत करून वाचवलेली पन्नास-साठ वर्षांची प्रत चौथीतल्या मुलाच्या दप्तरात द्यायची? ती काचेच्या कपाटात ठेवावी.

अर्धवेळ_ग्रंथपाल
काचेच्या कपाटाला कुलूप लागतं आणि आपण पुन्हा तिथेच येतो. सगळ्या प्रतींना एक नियम लावू नका, कागद तपासा. शेवटच्या कोऱ्या पानाचा तीन-चार मिलिमीटरचा कोपरा एकदा पुढे, एकदा मागे दुमडा. अशा दोन फेऱ्यांत तुटला तर कागद ठिसूळ, ते पुस्तक घरी द्यायचं नाही. ग्रंथालयातच टेबलावर, नव्वद ते शंभर अंशांत उघडेल असा उशीचा आधार देऊन वाचायचं. चार-पाच फेऱ्या टिकला तर नेहमीची देवघेव. वर्तमानपत्री कागदावरची पुस्तकं बहुतेक पहिल्या गटात जातात, कारण लाकडाच्या लगद्यातलं आम्ल त्यांना आतून जाळत असतं. ती प्रक्रिया खळीने थांबत नाही.

ठिसूळ पुस्तकाची नवी प्रत घ्या आणि दोन्ही ठेवा. श्यामची आई, फास्टर फेणे सहज मिळतात. किशोर १९७१ पासून निघतो आणि बालभारतीने जुने अंक संकेतस्थळावर मोफत ठेवलेत. बांधीव खंड टेबलावर आणि छापलेला अंक मुलाच्या हातात, असं करता येतं.

चौथी_ब
जी मिळतच नाहीत त्यांची झेरॉक्स काढून बांधली तर?

अर्धवेळ_ग्रंथपाल
लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांना खुलं आहे. पूर्ण छापून बांधा. फास्टर फेणेचे लेखक भा. रा. भागवत २००१ ला गेले, त्यांचं २०६१ अखेरपर्यंत संरक्षित, तिथे नवी प्रतच विकत घ्यायची. चित्रकाराचा हक्क वेगळा मोजतात हे विसरू नका. मजकूर खुला असला तरी त्यातली चित्रं नसू शकतात.

मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं सापडली, प्रगती, रादुगा किंवा मीर प्रकाशनाची, तर ती जपून वापरा. सोव्हिएत संघ १९९१ ला संपला, त्या संस्था त्या रूपात उरल्या नाहीत, दुसरी प्रत सहजी मिळत नाही. कागद मात्र पुष्कळदा चांगला असतो, फक्त सांधे सुटलेले असतात.

शिवणदोरा
नवीपेठ, तुमच्या काळजीवर एक तोडगा. दप्तरात जाणाऱ्या जुन्या पुस्तकाला कापडी पिशवी द्या, मांजरपाटाची, पुस्तकापेक्षा तीन सेंटीमीटर मोठी, नाडीची. कोपरे दप्तरात घासूनच जास्त फाटतात. डब्यातलं तेल आणि बाटलीचं पाणीही त्याने अडतं.

नवीपेठ
हे पटलं. मांडणी कशी करू? आमच्याकडे ड्युईचे (विषयवार वर्गीकरणाचे) क्रमांक आहेत, मराठी कथा-कादंबरी सगळी ८९१.४६३ मध्ये कोंबलेली.

कागदखुणा
क्रमांक राहू दे, दाखल वहीशी जोड त्यानेच राहते. पण मूल क्रमांकाने शोधत नाही. कण्यावर खाली दोन सेंटीमीटरची रंगीत कागदाची पट्टी खळीने लावा: साहस, घर-शाळा, प्राणी, परीकथा, विज्ञान, चरित्र. सहापेक्षा जास्त रंग नकोत. पहिली ते चौथीसाठी वरचा कप्पा जमिनीपासून एकशेवीस सेंटीमीटरच्या वर नको.

वीस-पंचवीस पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी बदला. जुन्या पुस्तकांचा कणा करडा आणि नाव पुसलेलं असतं. कणा समोर ठेवला की ती नव्या चकचकीत पुस्तकांसमोर कायम हरतात. ज्यांचं मुखपृष्ठच गेलं आहे त्यांना मुलांकडून नवं चित्र काढून घ्या, पण आधी त्यांना पुस्तक वाचायला द्या. न वाचता काढलेलं चित्र कुठल्याही पुस्तकाला चालेल असं होतं.

नुसतं मांडून भागत नाही. आठवड्याला एकदा, दहा मिनिटं, एक जुनं पुस्तक मोठ्याने वाचा आणि ऐन पेचात थांबा. त्या दिवशी त्याच्या निदान दोन प्रती देवघेवीला तयार हव्यात. 'शाळेंत' असं छापलेलं दिसलं की मुलं चूक काढतात. ती चूक नाही, तेव्हाचा नियम आहे, हे वाचण्याआधी सांगा. काही गोष्टींत जातीवरून, रंगावरून किंवा मुलींबद्दल आज न चालणारी वाक्यं असतात. शिक्षकाने पुस्तक आधी पूर्ण वाचलेलं असावं. तो उतारा वगळून पुढे जाण्यापेक्षा वर्गात त्यावर बोललेलं बरं.

वेळेचं गणित: जूनमध्ये वर्गवारी, जुलै-ऑगस्टमध्ये दुरुस्ती, सप्टेंबरच्या पावसात खळीचं काम थांबवून फक्त नोंदी, आणि १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला पुस्तकं मुलांसमोर. तीन जण आठवड्याला चार तास देत असतील तर साधारण शंभर पुस्तकांपुरतीच योजना करा. सगळं कपाट एका वर्षात उरकायला गेलात तर टेप आणि स्टेपलर बाहेर येतातच.

चौथी_ब
शेवटचं विचारते. मे महिन्यात शाळा बंद असते तेव्हा ह्या पुस्तकांचं काय करायचं? पुन्हा कपाटातच?

शिवणदोरा
कपाटात, पण घट्ट कोंबून नाही. बोट सहज शिरेल एवढी जागा दर पुस्तकांच्या ओळीत सोडा, मोठे बांधीव खंड आडवे, तीनपेक्षा जास्त एकावर एक नाही. दाराच्या फटीत पुठ्ठ्याची घडी अडकवून बोटभर हवा खेळती ठेवा, समोर जाळीचा पडदा. आठवड्यातून एकदा कुणी शाळेत जाणारच असेल, शिपाईमामांना सांगून ठेवा: दार उघडायचं, तळाला मातीची नळी दिसते का बघायचं, पुन्हा लावायचं. आणि सुट्टी लागायच्या आधी धडधाकट गटातली जेवढी देता येतील तेवढी पुस्तकं मुलांच्या घरी द्या, दोन-दोन, पिशवीत घालून. परतीची तारीख जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली टाका, पहिल्या दिवसाची नाही. पहिल्या दिवशी वह्यांच्या गडबडीत निम्मी मुलं विसरतात.